सहा इंजिनांची पाणबुडी



२८ एप्रिल १९४३. मादागास्करच्या आग्नेयेला, भर समुद्रात, दोन पाणबुड्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर डोलत होत्या. एक जर्मन, दुसरी जपानी. समुद्र इतका खवळलेला की त्यांना जवळ येणं शक्य नव्हतं. शेवटी जर्मन पाणबुडीवरून दोन प्रवासी रबरी होडीत उतरले आणि चिंब भिजून पलीकडच्या डेकवर चढले. एक होते सुभाषचंद्र बोस, दुसरे त्यांचे सहकारी, हैदराबादचे आबिद हसन.

हा प्रसंग आपल्याला शाळेपासून माहीत असतो. पण नेताजींना जर्मनीतल्या कील बंदरापासून तिथवर कोणत्या पाणबुडीने आणलं, ती कशी होती, तिचं पुढे काय झालं, हे सहसा कोणी सांगत नाही. मला वाटतं, तिची हकिगत कळली की त्या प्रवासाचं मोल अधिक नीट समजतं.

तिचं नाव यू-१८०. ब्रेमेनच्या ए. जी. वेझर गोदीत तिची बांधणी झाली, डिसेंबर १९४१ मध्ये ती पाण्यात उतरली आणि मे १९४२ मध्ये जर्मन नौदलात दाखल झाली. लांबी साडेसत्त्याऐंशी मीटर, म्हणजे जर्मन पाणबुड्यांत चांगलीच मोठी. त्या काळची पाणबुडी सगळा वेळ पाण्याखाली राहत नसे. पाण्याखाली ती बॅटरीवर चाले. बॅटरी काही तासांत उतरे आणि वेगही जेमतेम सात नॉटपर्यंत जाई. म्हणून बराचसा प्रवास ती पाण्यावरून, डिझेल इंजिनांवर करी, आणि संकट दिसलं की बुडी मारी. पाण्यावर जिचा वेग जास्त, ती शत्रूच्या जहाजांना मागे टाकून रात्रीत पुढे जाऊन दबा धरू शकते, हा तिच्या आराखड्यामागचा विचार.

त्या वेगासाठी एक धाडसी निर्णय झाला. या जातीच्या पाणबुडीला एरवी दोन मोठी डिझेल इंजिनं असत. यू-१८० मध्ये त्यांच्या जागी मर्सिडीज-बेंझची सहा इंजिनं बसवली, प्रत्येकी वीस सिलिंडरांची, दीड हजार अश्वशक्तीची. ही इंजिनं मुळात जलद टॉर्पेडो बोटींसाठी बनवलेली. पंखा फिरवणाऱ्या एका दांड्याला तीन, दुसऱ्याला तीन. मिळून नऊ हजार अश्वशक्ती आणि पाण्यावर जवळपास एकवीस नॉटचा वेग. कागदावर आकडे मोठे देखणे होते.

पण टॉर्पेडो बोट काही तास धावते आणि बंदरात परतते, तर पाणबुडीला महिनोन्‌महिने चालायचं असतं. बंदिस्त पोलादी नळीत ही सहा इंजिनं चालू झाली की इंजिनघरात उभं राहवत नसे, इतका उष्मा. त्यांना थंड ठेवायची सोय अपुरी पडे. शिवाय ती धूर ओकत. जिचं सगळं आयुष्य न दिसण्यावर अवलंबून, तिच्या डोक्यावर दुरून दिसणारा धुराचा पट्टा! वेगाच्या मागे लागून आराखडा करणारे पाणबुडीचा मूळ धर्मच विसरले, असं मला वाटतं. या नमुन्याच्या दोनच पाणबुड्या झाल्या, यू-१८० आणि यू-१९५. त्यांच्याच जोडीला नेहमीची इंजिनं घालून जो दुसरा नमुना काढला, तो कितीतरी लांब पल्ल्याचा निघाला आणि त्याच्या पाणबुड्याही पुष्कळ बांधल्या गेल्या.

९ फेब्रुवारी १९४३ ला या पाणबुडीने कील सोडलं. कप्तान होते वेर्नर मुसेनबर्ग. प्रवासी कोण हे खलाशांना सांगितलेलं नव्हतं. नॉर्वेला निघालेले तज्ज्ञ, एवढीच ओळख. नॉर्वे मागे पडलं तरी प्रवासी उतरेनात, तेव्हा खलाशांना काय वाटलं असेल! पुढचा मार्ग ब्रिटनला उत्तरेकडून वळसा घालून अटलांटिकमध्ये आणि तिथून खाली आफ्रिकेच्या टोकाकडे. जवळजवळ तीन महिने.

आबिद हसन यांनी पुढे या प्रवासाच्या आठवणी सांगितल्या. आत शिरल्याबरोबर त्यांना जाणवला तो डिझेलचा वास. पावाला तोच वास, कांबळ्यांनाही तोच. जाण्यायेण्याच्या अरुंद वाटेला लागून बाकाएवढी जागा नेताजींना मिळाली. उठून चार पावलं टाकायची सोय नाही, ऊन नाही, मोकळी हवा क्वचित. त्या जागेत नेताजी काम करत बसले. लिहायचं, हसन यांना मजकूर सांगायचा, पुढच्या भेटीगाठींची तयारी करायची. जपानचे पंतप्रधान तोजो काय काय विचारतील? हसन यांनी तोजो व्हायचं, प्रश्न टाकायचे, आणि नेताजींनी उत्तरं द्यायची.

एकदा एका जहाजावर हल्ला करताना कोणाची तरी चूक झाली आणि बुडी मारायच्या ऐवजी पाणबुडी वर आली. ते जहाज थेट अंगावर धावून आलं, घासून गेलं, पाणबुडी कलली. हसन यांची लेखणी थांबली. नेताजी मात्र मजकूर सांगतच होते, आणि मी हे दोनदा सांगितलं, तुम्ही लिहून घेतलं नाही, असं त्यांनी हसन यांना ऐकवलं.

हा प्रसंग सांगताना दुसरा गाळणं मला पटत नाही. १८ एप्रिलला, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेला, याच पाणबुडीने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. त्यावरचे बहुतेक सगळे खलाशी गेले. नेताजी आत असतानाच हे घडलं. पाणबुडी हिटलरच्या नौदलाची होती आणि ती आपलं काम करत होती. आपल्या स्वातंत्र्याच्या इतिहासातलं एक मोठं धाडस त्या माणसांच्या मरणाला लागून उभं आहे. नेताजींबद्दलचा आदर तसूभरही कमी न करता हे म्हणता येतं आणि म्हणायलाच हवं.

दहा दिवसांनी जपानची आय-२९ भेटली. नेताजी आणि हसन तिकडे गेले, तिकडून दोन जपानी नौदल अधिकारी इकडे आले. बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी पाठवलेलं सुमारे दोन टन सोनंही यू-१८० वर चढलं. मे महिन्यात आय-२९ सुमात्राजवळच्या साबांग बंदराला लागली. तिथून नेताजी तोक्योला गेले आणि २ जुलैला सिंगापूरला पोहोचले.

सिंगापूरच्या पुढची गोष्ट मला माझ्या घराजवळची वाटते. मी चेन्नईत शोळिंगनल्लूरला राहते. आमच्याकडून पूर्वेला निघालं की बकिंगहॅम कालवा लागतो, मग ईस्ट कोस्ट रोड, मग समुद्र. या समुद्राच्या पलीकडे मलाया. तिथल्या रबराच्या मळ्यांत इथली, तमिळ मुलखातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राबत होती. त्यांच्यातल्या हजारोंनी नेताजींच्या आझाद हिंद सेनेत नाव नोंदवलं. आणि बायकांनीही. स्त्रियांची पलटण उभारायची, हा विचार नेताजी पाणबुडीत असतानाच बोलून दाखवत होते, असं हसन सांगत. जुलैमध्ये सिंगापूरला त्यांनी तो जाहीर केला आणि पलटणीची धुरा घेतली ती मद्रासच्याच एका डॉक्टरने. लक्ष्मी स्वामिनाथन, १९३८ साली मद्रास मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर झालेल्या, पुढे कॅप्टन लक्ष्मी म्हणून साऱ्या देशाला माहीत झालेल्या. पलटणीला नाव दिलं झाशीच्या राणीचं. तांब्यांच्या मनूचं नाव, मद्रासची नायिका, आणि हातात बंदूक घेतलेल्या मुलींतल्या कितीतरी अशा, की ज्यांनी हिंदुस्थान डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता! मराठी माणूस म्हणून आणि चेन्नईची रहिवासी म्हणून मला याचा दुहेरी अभिमान वाटतो.

इकडे यू-१८० ने परतीच्या वाटेवर जूनमध्ये ‘बोरिस’ हे ग्रीक जहाज बुडवलं आणि जुलैच्या सुरुवातीला ती फ्रान्समधल्या बोर्दो बंदरात शिरली. लढाऊ पाणबुडी म्हणून तिची ती पहिली आणि शेवटची फेरी. ती सहा इंजिनं काढून टाकली, टॉर्पेडोच्या नळ्या काढल्या, दोन साधी डिझेलं बसवली आणि अडीचशे टन माल नेणारी मालवाहू पाणबुडी तयार केली. वेग आता सोळा नॉटांच्या आत, पण धूर नाही.

२० ऑगस्ट १९४४ ला, दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये पुढे सरकत असताना, ती नव्या कप्तानाच्या हाताखाली यू-१९५ च्या बरोबर बोर्दोहून जपानकडे निघाली. दोन-तीन दिवसांतच बिस्केच्या उपसागरात, बहुधा सुरुंगावर आदळून, ती बुडाली. आतले छपन्न जण, एकही वाचला नाही. यू-१९५ मात्र त्याच वाटेने निघून डिसेंबरमध्ये बटाव्हियाला पोहोचली. पुढच्या वर्षी जर्मनी शरण आल्यावर ती जपान्यांनी ताब्यात घेतली आणि आय-५०६ असा नवा क्रमांक घालून आपल्या आरमारात सामील केली.