अडगावच्या शिवारातला जनरल



नेतृत्वावर बोला, असं प्राचार्यांनी सांगितलं. महाराजांवर तुम्ही पुष्कळ ऐकलंय, म्हणून मी आज शत्रूच्या सेनापतीवर बोलतो.

वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे आर्थर वेलस्ली, त्याआधी बारा वर्षं तुमच्या अकोटजवळ लढला. वय ३४. सप्टेंबर १८०३ मध्ये असई जिंकून तो वऱ्हाडात उतरला आणि २९ नोव्हेंबरला अडगाव-सिरसोलीच्या शिवारात भोसले-शिंद्यांच्या फौजेला भिडला. आपल्या तोफा धडाडल्या आणि असईत न डगमगलेल्या त्याच्याच पलटणी चक्क पळत सुटल्या! तो स्वतः आडवा गेला, त्यांना गोळा करून पुन्हा रांगेत आणलं आणि बाकीची फौज येईस्तोवर जमिनीवर पालथं झोपवलं. मी जवळ नसतो तर लढाई हातची गेली असती, असं त्यानंच पत्रात लिहिलंय. बढाई वाटते, पण खरी आहे. दिवस बुडाल्यावर त्याच्या घोडदळानं चांदण्यात पाठलाग केला. आपल्या ३८ तोफा गेल्या.

पुढं गाविलगड. दक्षिणेकडून नुसता कडा, म्हणून तोफा उत्तरेकडून न्यायच्या ठरल्या. हे काम कर्नल स्टीव्हन्सनकडे. हा गडी आजारानं इतका खंगलेला, की अडगावला हत्तीवर बसून लढला होता. त्याच्या माणसांनी मेळघाटात वाट फोडत, दऱ्या ओलांडत अवजड तोफा ओढल्या. मेळघाट तुम्ही पाहिलाय, जास्त काय सांगू! १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता कामी आला. नाव मात्र झालं वेलस्लीचं. तोफा ओढणाऱ्यांची नावं मला तरी कुठं सापडली नाहीत. एक कबूल करतो, बैलांची किंमत वेलस्लीला कळत होती. त्याच्या पत्रांत जागोजागी बैल आणि तांदूळ यांचाच घोर.

दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि लढाईत फारसं काही न केलेल्या निजामाच्या पदरात पडला. कास्तकाराला विचारतो कोण?

यंदा सहल चिखलदऱ्याला आहे म्हणे. फोटो काढून झाले की तिथल्या गाविलगडाच्या उत्तरेच्या तटापर्यंत चालत जा. सरांनी नाही म्हटलं तर माझं नाव सांगा. नाटकवाले मेकअप करून ताटकळलेत, तेव्हा थांबतो.