ताज्या रोपाची प्रतिमा आणि गावाची नोंदवही

(एका व्याख्यानाचा संपादित भाग)



वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सदस्य यांच्यासमोर अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने बोलावे, हे आपल्यापैकी काहींना विचित्र वाटले असेल. परंतु ज्या वस्तूची ओळख निश्चित नाही, तिचा भाव ठरत नाही, तिच्यावरचा हक्क ठरत नाही आणि तिच्यापासून होणाऱ्या लाभाची वाटणीही करता येत नाही, हा आमच्या शास्त्रातील अगदी प्राथमिक पाठ आहे. जमिनीच्या तुकड्याला सातबाऱ्याचा उतारा असतो. रानातल्या झाडपाल्याला असा उतारा कोणता, हा प्रश्न मला येथे घेऊन आला आहे.

एक उदाहरण घेऊ. ‘शंखपुष्पी’ हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशाने शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस ही वनस्पती मान्य केली आहे. पण केरळात त्याच नावाने गोकर्ण वापरली जाते, आणि कित्येक ठिकाणी विष्णुक्रांता, म्हणजे एव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, हीच शंखपुष्पी म्हणून गोळा होते. ‘ब्राह्मी’ या नावाचीही तीच कथा. कोणी बाकोपाला ब्राह्मी म्हणतो, तर कोणी सेंटेलाला. आता एखाद्या गावाच्या नोंदवहीत ‘शंखपुष्पी, माळरानावर, पावसाळ्यात’ एवढीच नोंद असेल आणि उद्या एखाद्या औषध कंपनीशी लाभांशाची बोलणी करण्याची वेळ आली, तर गावाच्या हाती पुरावा काय? एक शब्द. आणि तो शब्द तीन वनस्पतींना लागू पडतो.

वनस्पतिशास्त्राने या अडचणीवर पूर्वीच तोडगा काढला आहे. रोप दाबून, वाळवून, कागदावर चिकटवायचे आणि त्याखाली ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे व ओळखणाऱ्याचे नाव लिहून ते जपायचे. या संग्रहाला आपण हर्बेरियम किंवा वनस्पतिसंग्रहालय म्हणतो. हावड्याजवळ शिवपूर येथील केंद्रीय संग्रहालयात असे सुमारे २० लाख नमुने आहेत. मात्र या संपत्तीचा भूगोल नेहमीच आपल्या बाजूचा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गोळा झालेला मोठा संग्रह डॉ. वॉलिक यांनी १८२८ मध्ये कलकत्त्याहून लंडनला नेला. भारतीय झाडांचे मूळ नमुने पाहण्यासाठी लंडनजवळच्या क्यू येथे जावे लागे, आणि स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके भारतीय वनस्पती सर्वेक्षण आपला एक अधिकारी तेथे नेमत असे. एखादा कागद डोळ्यांखालून घालण्यासाठी देशाने किती किंमत मोजावी, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘भारतीय आभासी हर्बेरियम’मुळे हा खर्च कमी होऊ लागला आहे. सुरुवातीलाच त्यात सुमारे एक लाख नमुन्यांच्या प्रतिमा होत्या. हे काम मोलाचे आहे, परंतु त्या प्रतिमा प्रामुख्याने वाळलेल्या नमुन्यांच्या आहेत.

वाळवण्यात काय जाते, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. तेरड्याची नाजूक पाकळी तपकिरी होऊन चिकटते, मांसल खोड आक्रसते, सुरणाच्या कुळातील फुलोऱ्याचा आकारच मोडतो. विष्णुक्रांतेचा निळा रंग उडून जातो, आणि शंखपुष्पीच्या वादात फुलाचा रंग हाच सामान्य माणसाच्या दृष्टीने पहिला साक्षीदार असतो. म्हणून रोप ताजे असतानाच त्याची प्रतिमा घेण्याची पद्धत मला महत्त्वाची वाटते. त्यासाठी कचेरीत कागदपत्रांसाठी वापरतात तोच सपाट काचेचा स्कॅनर चालतो.

पण स्कॅनर निवडताना एक पथ्य आहे. हल्लीच्या पातळ, हलक्या स्कॅनरना काचेला अगदी टेकलेली वस्तूच स्पष्ट दिसते. पानाचा कडेचा भाग थोडा उचलला गेला तरी तो धूसर होतो. सीसीडी प्रकारचे जाड बांध्याचे स्कॅनर काचेपासून काही मिलिमीटर वरचेही नीट टिपतात. जिवंत रोप कधीच कागदासारखे सपाट नसते, त्यामुळे हेच स्कॅनर घ्यावेत. मुळांची माती धुऊन, पाणी टिपकागदाने टिपून रोप काचेवर ठेवावे. वाळूचा एक कणही काचेवर कायमचा ओरखडा पाडतो. झाकण दाबून लावू नये. ते उघडे ठेवून वरून आत काळे कापड लावलेले खोके पालथे घालावे, म्हणजे पार्श्वभूमी काळी येते आणि पाकळ्या चुरगळत नाहीत. शेजारी मोजपट्टी व रंगपट्टी असलीच पाहिजे. मोजपट्टीविना पान बोटभर की वीतभर हे कळत नाही, आणि रंगपट्टीविना निळा किती निळा हे सांगता येत नाही. एक पान उताणे, एक पालथे. एक फूल अखंड, एक उभे चिरलेले. फळ असल्यास त्याचाही छेद. विष्णुक्रांतेचे फूल उकलून अधिक सूक्ष्मतेने स्कॅन केले, तर दोन कुक्षिवृंत आणि प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे दिसतात. कॉन्व्हॉल्व्ह्युलसमध्ये कुक्षिवृंत एकच असतो. नावाचा वाद तेथेच मिटतो. हे सारे तोडल्यापासून थोड्या वेळात उरकावे लागते, कारण पाकळ्या कोमेजण्यासाठी आपली वाट पाहत नाहीत.

आणि स्कॅन झाल्यावर तेच रोप, दुसरे नव्हे, दाबून वाळवायचे आणि प्रतिमेला जो क्रमांक दिला तोच कागदावर लिहायचा. माझा सर्वाधिक आग्रह याच गोष्टीचा आहे. ‘आता स्कॅन आहे, मग दाबत कशाला बसायचे?’ असे विचारणारे भेटतात. त्यांच्यासाठी इतिहासातील दोन प्रसंग सांगतो.

कोचीचे डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे बारा खंडांत प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांबरोबरच रंगभट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोकणी विद्वान त्यात सहभागी होते. त्यांचे नागरी लिपीतील कोकणी निवेदन ग्रंथात छापलेले आहे. चित्रे उत्कृष्ट. परंतु त्यांच्यामागे वाळवलेले नमुने उपलब्ध नव्हते. परिणामी चित्रातील वनस्पती नेमकी कोणती हे निश्चित करण्यासाठी प्रा. के. एस. मणिलाल यांना केरळात हिंडून त्या वनस्पती पुन्हा गोळा कराव्या लागल्या आणि आयुष्यातील कित्येक वर्षे त्यात वेचावी लागली. त्यांचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये निघाला.

दुसरा प्रसंग उलट्या बाजूचा. १९४३ च्या मार्चमध्ये बर्लिनवरील बॉम्बहल्ल्यात तेथील प्रख्यात वनस्पतिसंग्रहालय जळाले आणि असंख्य मूळ नमुने राख झाले. मात्र मॅकब्राइड या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने शिकागोच्या फील्ड म्युझियमसाठी १९२९ पासून युरोपातील संग्रहालयांत हिंडून अशा नमुन्यांची छायाचित्रे घेतली होती. बर्लिनच्या कित्येक नमुन्यांचा आज तेवढाच पुरावा उरला आहे. प्रतिमा हा विमा आहे, आणि विम्याची रक्कम म्हणजे जळालेले घर नव्हे. त्या छायाचित्रांतून डीएनए काढता येत नाही. नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहितादेखील १ जानेवारी २००७ पासून सपुष्प वनस्पतीच्या नव्या जातीचा आधार म्हणून प्रत्यक्ष नमुनाच मागते. चित्र पुरत नाही.

आता खर्चाकडे वळतो. ए-४ आकाराच्या काचेवर इंचाला ६०० बिंदू या सूक्ष्मतेने घेतलेली रंगीत प्रतिमा, आकुंचन न करता, साधारण १०० मेगाबाइट जागा घेते. एका तालुक्यातील हजार जाती आणि प्रत्येकीच्या पाच प्रतिमा धरल्या, तर ५०० गिगाबाइट होतात. आज एका लहानशा हार्ड डिस्कमध्ये हे मावते. प्रतिमा एकदा तयार झाली की ती दहाव्या किंवा दहा हजाराव्या वाचकाला दाखवण्याचा जादा खर्च शून्याच्या जवळ असतो, आणि एकाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. अर्थशास्त्रात आम्ही अशा वस्तूंसाठी सार्वजनिक गुंतवणुकीचे समर्थन करतो. येथे दुर्मीळ आहे ते यंत्र नव्हे, साठवणही नव्हे. दुर्मीळ आहे तो रोप पाहून खात्रीने नाव सांगणारा माणूस. वर्गीकरणशास्त्र शिकण्याकडे विद्यार्थ्यांचा ओढा नाही आणि त्यात त्यांचा दोषही नाही. ज्या कौशल्याला वेतन मिळत नाही, ते पिढीगणिक आटत जाते. एखाद्या योजनेत स्कॅनरची तरतूद असावी आणि ओळख पटवणाऱ्याच्या मानधनाचा रकानाच नसावा, हे मला विहीर खणून दोर विसरण्यासारखे वाटते.

जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार गावोगावी लोक-जैवविविधता नोंदवह्या तयार करायच्या होत्या. बरीच वर्षे हे काम रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि थोड्याच काळात देशभरातील नोंदवह्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे गेली. अशा वेगाने भरलेल्या वह्यांत स्थानिक नावांच्या याद्या अधिक आणि पडताळा कमी असणार, हे उघड आहे. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीखालील औषधी वनस्पतींना कायद्यातील काही बंधनांतून सूट दिली, पण त्यासाठी मूळ-प्रमाणपत्र व्यवस्थापन समितीने द्यायचे आहे. म्हणजे रानातले कोणते आणि शेतातले कोणते, हे सांगण्याची जबाबदारी आता आपल्यासमोर बसलेल्या सदस्यांवर आली आहे. त्यांच्या वहीतील प्रत्येक नावापुढे महाविद्यालयातील नमुन्याचा आणि प्रतिमेचा क्रमांक असेल, तर सहीला वजन येईल. गावाला वह्या आहेत, महाविद्यालयाला प्रयोगशाळा आहे. दोघांची गाठ मात्र क्वचित पडते.

एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. कंदीलपुष्पाचे कंद लोक खणून खातात. जुन्नर परिसरातील शिवनेरीवर आढळणारी शिंदळ माकुडी जगात महाराष्ट्राबाहेर नैसर्गिकरीत्या कोठे आढळत नाही. अशा वनस्पतींच्या प्रतिमेसोबत अक्षांश-रेखांश खुले करणे म्हणजे चोराला पत्ता देणे होय. खुल्या प्रतीत केवळ तालुका लिहावा. नेमके ठिकाण वाळवलेल्या नमुन्याच्या कागदावर आणि समितीच्या दप्तरात राहू द्यावे. वैद्याने सांगितलेला उपयोग तर प्रतिमेसोबत मुळीच जोडू नये. तो नोंदवहीच्या राखीव भागात जावा, आणि तोही त्याच्या संमतीने.

आपले विद्यापीठीय वेळापत्रक पाहिले, तर माळरानावर फुले येतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरात विद्यार्थी वर्गात असतात आणि क्षेत्रभेटी निघतात त्या बहुधा हिवाळ्यात, बहर ओसरल्यावर. येत्या पावसाळ्यात प्रत्येक महाविद्यालयाने जवळच्या एकाच गावाशी करार करून तेथील पन्नास वनस्पतींपासून आरंभ करावा, अशी माझी सूचना आहे. प्रतिमांची एक प्रत महाविद्यालयाकडे, एक समितीकडे आणि वाळवलेल्या नमुन्याची जोडप्रत भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या जवळच्या प्रादेशिक केंद्राकडे जावी. आपल्या भागासाठी ते पुण्यात आहे.