पल्ला कोणी ठरवायचा?



 या परिषदेत पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचे वन कर्मचारी, पशुवैद्यक, परवानाधारक नेमबाज आणि शेतकरी एका मंडपात बसून पीकराखणीचा विचार करतात, याचा मला विशेष आनंद आहे.

सकाळच्या सत्रात तरुण नेमबाजांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला: रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) लांबूनच टिपता यावेत, यासाठी कोणते काडतूस घ्यावे? माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या मुलखात काडतूस कोणतेही घ्या, पल्ला माणसाने ठरवायचा असतो आणि तो जवळचाच ठरवायचा असतो. असे का, ते आता सविस्तर मांडतो.

प्रथम कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी छंदाची शिकार संपवली, आणि ते योग्यच झाले. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. ही जनावरे माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका ठरली, तर कलम 11 खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. त्या आदेशाशिवाय या जनावरांवर झाडलेला बार, जीव वाचवण्याचा प्रसंग सोडला तर, गुन्हा आहे. म्हणजे आपल्यातला नेमबाज शेतकऱ्याच्या आणि सरकारच्या वतीने एक अप्रिय काम करत असतो. त्याने हत्यार निवडताना याच जाणिवेने निवडले पाहिजे.

काडतुसाची निवड या देशात कायद्याने फार पूर्वीपासून केली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारने .450 बोअरच्या काडतुसांवर हिंदुस्थानात बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री फौजी रायफलींना तो दारूगोळा मिळेल अशी धास्ती होती. त्या बंदीतून विलायतेतल्या बंदूककारांनी .465, .470 अशी नवी काडतुसे काढली. पुढे तीच जगभर मोठ्या शिकारीची काडतुसे ठरली. फौजेचे .303 नागरिकाला मिळेना, तेव्हा ऑस्ट्रियन मान्लिखर काडतुसावर बेतलेले .315 आपल्याकडे आले. इच्छापूरच्या कारखान्याने ती रायफल घडवली आणि आजही खेड्यापाड्यांतल्या परवान्यांवर बहुधा तीच दिसते. त्याच कारखान्याने .30-06 ची रायफलही नागरिकांसाठी काढली. उरलेल्यांच्या हाती बारा बोअरची दुनळी. आपल्या निवडीचा खरा परीघ एवढाच आहे. अमेरिकेत 1962 चे सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम, 1963 चे .300 विंचेस्टर मॅग्नम, 2007 चे 6.5 क्रीडमूर ही लांब पल्ल्याची काडतुसे गाजली. मोकळे डोंगर, दूरवर निर्मनुष्य उतार आणि दिवसाउजेडी चरणारे हरीण अशा भूमीत त्यांचा उपयोग आहे. तिथली चित्रफीत बघून इथल्या पऱ्हाटीत बार काढायचा नसतो.

आता गोळीचा हिशोब पाहू. .30-06 ची 180 ग्रेनची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने निघते. शंभर मीटरवर नेम जुळवून घेतलेली रायफल दोनशे मीटरवर सुमारे अर्धी वीत खाली मारते आणि तीनशेवर जवळपास हातभर. आडवा वारा ताशी पंधरा-सोळा किलोमीटरचा असला, तर तीनशे मीटरवर गोळी वीतभर बाजूला सरकते. तिला तिथवर पोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात चालते जनावर हातभर पुढे जाते. रानडुकराच्या हृदय-फुप्फुसाची जागा केवढी? खांद्याच्या मागे, खालच्या अंगाला, वीतभर. अंतराचा अंदाज थोडा चुकला, वारा थोडा वाढला किंवा जनावराने एक पाऊल टाकले, तर गोळी आतड्यात जाते. ते जनावर तुरीत शिरते आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरते, किंवा पहाटे धुऱ्यावरून चाललेल्या बाईच्या अंगावर जाते.

.315 चा हिशोब याहून कडक आहे. 244 ग्रेनची बोथट, मऊ टोकाची जड गोळी सेकंदाला सहाशे मीटरहून थोड्या जास्त वेगाने निघते आणि वेग लवकर गमावते. दोनशे मीटरवर ती .30-06 पेक्षा कितीतरी जास्त खाली उतरते. पण शंभर मीटरच्या आत तिच्यासारखे भरवशाचे काडतूस आपल्याकडे क्वचितच मिळेल: धक्का सोसवतो, गोळी फुलते आणि डुक्कर बसल्या जागी पडते. नराचे वजन दोनशे किलोच्या पुढे जाणाऱ्या रोह्यासाठी मी .30-06 ला पसंती देईन, पण अंतर तेच ठेवीन. बारा बोअरमध्ये छर्रे वापरायचे असतील तर एलजी, तेही तीस मीटरच्या आत. पुढे ते पांगतात आणि फक्त जखमा करतात. .22 ने डुकरावर बार काढणे ही क्रूरता आहे. आपल्या परिषदेने ती स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवावी.

न लागलेल्या किंवा अंगातून पार झालेल्या गोळीचे काय होते, हा विचार याहून मोठा. .30-06 ची गोळी वर गेली तर तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात तीन किलोमीटर सरळ रेषेत चला: वाटेत गुडे (आदिवासी वस्ती) लागेल, शेतातली झोपडी लागेल, जागलीला बसलेला माणूस लागेल. सपाट वावरात गोळी अडवायला मागे काही नसते. म्हणून मचाण बांधायचे. वरून खाली मारलेली गोळी मातीत जाते आणि पंचवीस-तीस मीटरवर नेम चुकण्याचे कारण उरत नाही.

रात्री विजेरीच्या उजेडात लांबवर दोन डोळे चमकतात. ते डुकराचे, गुराचे की वाघाचे? हा प्रश्न आदिलाबादेत काल्पनिक नाही. 2019 मध्ये टिपेश्वरच्या अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ याच जिल्ह्याच्या शेतांतून गेला आणि तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. टिपेश्वर आणि कवल व्याघ्र प्रकल्प यांच्या मधली वावरे ही वाघाची वाट आहे. ज्या अंतरावर जनावर निःसंशय ओळखता येत नाही, ते अंतर काडतुसाच्या पेटीवर काहीही छापलेले असो, आपल्यासाठी बाद आहे.

शिकारी जिम कॉर्बेटचे नाव .275 रिग्बीशी जोडले जाते, पण 1907 मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे तो तीनच काडतुसे घेऊन गेला होता. ती संपल्यावर तहसीलदाराची जुनी बंदूक मागून घेऊन त्याने अगदी जवळून शेवटचा बार काढला. रुद्रप्रयागचा बिबट्याही त्याने 1926 मध्ये आंब्याच्या झाडावर बसून जवळूनच मारला. ज्यांच्या नावाने रायफली विकल्या जातात, त्या माणसांची खरी ताकद जवळ जाण्याच्या धीरात होती.

पशुवैद्यक मित्रांना हे वेगळे सांगायला नको. भुलीची सुई दाबलेल्या वायूवर सुटते, मंद जाते आणि वीस ते चाळीस मीटरच्या आतच खात्रीने लागते. हाच मुद्दा एका मोहिमेत ऐरणीवर आला: 2018 च्या 2 नोव्हेंबरला रात्री, पैनगंगेपलीकडे यवतमाळच्या राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ टी-1 वाघीण गोळीने मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता आणि त्या कुटुंबांचे दुःख मोठे होते. तरीही आधी बेशुद्ध करण्याची कार्यपद्धती नीट पाळली गेली का, यावर गंभीर प्रश्न उभे राहिले. अशा मोहिमेत डॉक्टर, माग काढणारा आणि बंदूकधारी यांचा एकत्र सराव आधीपासून हवा, हा त्यातून आपण घ्यायचा धडा.

शेतकरी बांधवांनो, तुमची अडचण मला समजते. एका रात्रीत कळप मका लोळवतो, भुईमूग उकरतो, आणि पंचनाम्याला दिवस लागतात. म्हणूनच कुंपणात वीज सोडली जाते, गावठी बॉम्ब पेरले जातात. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि शेजाऱ्याचा मुलगा सारखेच. त्यापेक्षा आदेश हाती असलेला, जवळून आणि ओळखून मारणारा नेमबाज शतपटीने बरा. तो वेळेवर मिळावा, ही तुमची मागणी मी माझी मानतो.

समारोपात या परिषदेपुढे चार ठराव मांडतो. रायफलीचा बार शंभर मीटरच्या आत आणि शक्यतो मचाणावरूनच काढावा. प्रत्येक नेमबाजाने हंगामापूर्वी आपल्याच काडतुसांवर, वन खात्यासमोर नेम तपासून द्यावा. जखमी जनावराचा माग त्याच नेमबाजाने, गोंड आणि कोलाम मागकऱ्यांना योग्य मोबदला देऊन, शेवटपर्यंत काढावा. आणि आदेश व नुकसानभरपाई यांसाठी महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांच्या वन खात्यांनी सीमेवरच्या गावांना ठरावीक मुदत द्यावी. हे चारही ठराव आज संध्याकाळच्या सत्रात चर्चा करून, दुरुस्त्या सुचवून, पण टाळाटाळ न करता संमत करा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.