डोईवरची खपली : ना कोप, ना विटाळ
(शेतकरी, सुतार व नाभिक मंडळींच्या बैठकीत झालेले भाषण)



चार लोकांत बोडक्या डोक्याने उभे राहू नये, ही आपल्याकडची जुनी रीत आम्हांस ठाऊक आहे. तरी आज आम्ही टोपी काढून टेबलावर ठेवली ती जाणूनबुजून. पुढे बसलेल्यांना आमच्या कपाळाच्या वर, केसांच्या कडेने एक तांबूस पट्टा आणि त्यावर पांढरी साल दिसत असेल. मागच्यांनी सभा संपल्यावर जवळ येऊन पाहावे. हात लावून पाहिला तरी चालेल. या दुखण्याचे नाव सोरायसिस. चौदा वर्षे ते आमच्या डोक्यावर बिऱ्हाड करून आहे. भाडे देत नाही आणि घरही सोडीत नाही.

आम्ही धंद्याने सुतार. रंधा मारताना भुसा उडतो, तो केसांत बसतो, खांद्यावर पडतो. त्यामुळे पहिली दोन वर्षे आमची चोरी लपून गेली. खांद्यावर हे पांढरे काय, असे कुणी विचारले की आम्ही म्हणावे, भुसा आहे हो. पुढे एका लग्नात काळा कोट घातला, तेव्हा मात्र भुशाची सबब चालेना. त्याच सुमारास गावच्या सलूनमध्ये खुर्चीवर बसलो. कारागिराने केस बाजूला सारले आणि कात्री खाली ठेवली. मागे दोन गिऱ्हाइके बसलेली. तो हळूच कानाशी म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही घरीच करून घ्या, माझं गिऱ्हाईक तुटंल." त्याचा आम्हांस राग नाही. त्याचे पोट त्या खुर्चीवर आहे, आणि त्याला कुणी चार शब्द समजावून सांगितले नव्हते. आम्हांस तरी कुठे ठाऊक होते?

त्या दिवसापासून घरात आमची फणी वेगळी, उशी वेगळी, पंचा वेगळा. कुणी सांगितले नव्हते, आमचे आम्हीच केले. आमची लेक तेव्हा तीन वर्षांची. बापाच्या डोक्याला तेल चोळायची तिला भारी हौस. ती वाटी घेऊन आली की आम्ही तिला झिडकारीत असू. सात वर्षे झिडकारले. आणि बंधूंनो, सातही वर्षे फुकट. कारण हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. फणीने लागत नाही, उशीने लागत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही, नवरा-बायकोत लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ साली ठराव करून या रोगाची चिरकालिक आणि न लागणाऱ्या रोगांत गणना केली. जगात निदान दहा कोटी माणसांना तो आहे, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या डोक्यावर तो केव्हा ना केव्हा येतोच.

मग हा होतो तरी कशाने? शेतावर राखणदार ठेवला आहे असे समजा. पाखरे आली की त्याने गोफण मारावी. पण पाखरे नसतानाच तो रात्रंदिवस गोफण फिरवू लागला, तर धन्याचीच कणसे झडतील. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या राखणदार पेशी असतात. सोरायसिसमध्ये त्या उगाच खवळतात आणि कातडीला चिथावतात. एरवी कातडीची पेशी तळाशी जन्मून वर येऊन झडावयास सुमारे चार आठवडे लागतात. येथे तेच काम चार-पाच दिवसांत उरकते. कच्च्या पेशींचे थरावर थर साचतात, तीच ती चांदीसारखी खपली. खाली कातडी लाल, कारण तेथे रक्त अधिक धावते. खपली उचकटली की टिपक्याटिपक्याने रक्त येते ते म्हणूनच. ही ओढ काहींच्या घराण्यात असते, पण बापाला आहे म्हणून लेकराला होणारच असे नाही. दबलेली ओढ उसळावयास निमित्त लागते. घसा बसून ताप येणे, मनाचा घोर, दारू, तंबाखूचे धूम्रपान, हिवतापावरील क्लोरोक्विन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, ही ती निमित्ते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्याव्या.

ओळखावयाचा कसा, हेही सांगतो, कारण डोक्यावरची प्रत्येक साल सोरायसिस नव्हे. साधा कोंडा तेलकट, बारीक आणि डोकेभर विखुरलेला असतो. सोरायसिसचे चट्टे जाड, कडा स्पष्ट, आणि ते केसांची वेस ओलांडून कपाळावर, मानेवर, कानामागे उतरतात. कोपर, गुडघे पाहा. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे आहेत काय ते पाहा. लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून चकती पडली असेल, तर तो बहुधा नायटा असतो. तो मात्र लागतो, आणि त्याला पोटात घ्यावयाचे वेगळे औषध लागते. दोहोंची गल्लत केली आणि नायट्यावर स्टेरॉइडचे मलम चोळले, तर तो पसरत जातो.

या रोगाची महारोगाशीही गल्लत होत आली आहे, आणि ती काही आपल्याच अडाणी लोकांनी केली असे नव्हे. लंडनचे रॉबर्ट विलन यांनी १८०८ साली या दुखण्याचे चांगले वर्णन केले, पण त्याच्या एका प्रकाराचे नाव त्यांनीही महारोगाच्या शब्दावरूनच ठेवले. व्हिएन्नाचे डॉक्टर हेब्रा यांनी १८४१ साली ते नाव पुसले आणि दोन रोग कायमचे वेगळे केले. विद्वानांचा हा घोटाळा तेव्हा मिटला. आमच्या आळीत तो अजून चालू आहे.

औषधाच्या इतिहासात आपल्या बाजूचीही एक गोष्ट आहे. ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडात पिवळी पूड साठते. ती पोर्तुगीजांच्या मार्गाने गोव्यात येई आणि लोक ती नायट्यावर लावीत. बाहेर तिला गोवा पावडर म्हणत. १८७६ साली लंडनच्या बालमॅनो स्क्वायर यांनी सोरायसिसवर तिचा गुण नोंदविला. तिच्यातील द्रव्यावरून पुढे १९१६ साली जर्मनीत डिथ्रॅनॉल हे औषध तयार झाले. गुणाचे आहे, पण कातडी, केस, उशी, सारे तपकिरी करून सोडते. म्हणून डोक्यावर आता फारसे कुणी वापरीत नाही. १९२५ साली अमेरिकेत गोकरमन यांनी दगडी कोळशाचे डांबर आणि अतिनील किरणांचा प्रकाश यांची जोडी लाविली. त्या डांबराचा शांपू आम्ही आजही वापरतो. वासाची सवय व्हावयास मंडळींना वर्ष लागले.

आता आमच्या पैशांचे काय झाले ते ऐका. देवऋषी झाला, उतारा झाला, ग्रहांची शांत झाली. एकाने वांगे सोडावयास सांगितले, ते दोन वर्षे सोडले. वांग्याचा आणि या रोगाचा काही संबंध नाही असे नंतर कळले, तेव्हा त्या दोन वर्षांच्या भरताचे फार वाईट वाटले. डोक्याला रॉकेल लाविले, चुन्याची निवळी लाविली, आणि कातडी भाजून घेतली. शेवटी तालुक्याच्या लॉजवर महिन्याकाठी उतरणाऱ्या एका गृहस्थाने "मुळापासून घालवितो" म्हणून पुड्या दिल्या. तीन आठवड्यांत डोके लखलखीत! आम्ही पेढे वाटले. तोंड थोडे सुजले होते, ते आम्ही बाळसे समजलो. पुढे पैसे सरले, पुड्या बंद झाल्या, आणि पंधरा दिवसांत डोक्यावर होते ते पाठीवर, पोटावर, मांड्यांवर उसळले. अंग तापाने फणफणले. जिल्ह्याच्या दवाखान्यातील त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंनी पुडी हातात घेऊन सांगितले की, यात स्टेरॉइड असले पाहिजे. ते पोटात घेऊन एकाएकी सोडले की सोरायसिस असाच पेटतो, प्रसंगी जिवावर बेततो. या रोगाचा बीमोड करणारे औषध आज जगात कुणापाशीच नाही. जो ते विकतो, तो खोटे विकतो. पण रोग ताब्यात राहतो, कित्येकांचा महिनोन्‌महिने दिसेनासाही होतो. बाईंनी आम्हांस पहिल्या दिवशी हेच सांगितले, आणि चौदा वर्षांत खरे बोलणारे ते पहिले माणूस भेटले.

त्यांनी शिकविले ते असे. जाड खपलीवर औषध ओतणे म्हणजे न तासलेल्या लाकडाला पॉलिश करणे. आधी खपली मऊ करावयाची. रात्री सॅलिसिलिक अॅसिड घातलेले तेल किंवा मलम, डॉक्टर लिहून देतील त्या प्रमाणात, चट्ट्यावर जिरवावे आणि डोके जुन्या फडक्याने बांधावे. तेही नसेल तर साधे खोबरेल. सकाळी दूर दातांच्या फणीने अलगद सोडवावे. नख लावू नये. खाजवून, ओरबाडून जेथे जखम होते तेथे नवा चट्टा उठतो, हे क्योब्नर नावाच्या जर्मन डॉक्टराने १८७२ सालीच दाखविले आहे. मग डांबराचा शांपू लावून पाच-दहा मिनिटे थांबावे. आम्ही आधी लावला की लगेच धूत होतो आणि शांपूला नावे ठेवीत होतो. डोके सुकल्यावर केसांत भांगामागून भांग पाडीत स्टेरॉइडचे पातळ औषध कातडीवर थेंबाथेंबाने सोडावे. केसांना लावून उपयोग नाही, रोग केसांना नाही. हे औषध रोज लावावयाचे ते दोन ते चार आठवडे; आवरले की डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून दोनदा, किंवा मध्ये कॅल्सिपोट्रिऑल. मेडिकलच्या दुकानातून मनाने आणून वर्षानुवर्षे चोळले तर कातडी कागदासारखी पातळ होते. केस गळतात म्हणून बायाबापड्या रडतात. रोग आवरला की ते बहुधा परत येतात.

एवढ्याने आवरले नाही तर मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या देतात. जुने, स्वस्त, गुणाचे औषध आहे, पण एक गोष्ट घरातल्या लिहित्या माणसाकडून भिंतीवर लिहून घ्या: ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यावयाची असते. रोजची समजून घेतली तर माणूस दगावतो. ती चालू असता दारू बंद, आणि रक्ताच्या तपासण्या ठरल्याप्रमाणे. आता टोचून घ्यावयाची नवी औषधेही निघाली आहेत; ती गुणाची, पण आपल्या खिशाबाहेरची. आणखी एक. सकाळी उठल्यावर बोटे आखडत असतील, सुजत असतील, टाच दुखत असेल, तर कामाचा शीण म्हणून सोडू नका. हा रोग काहींच्या सांध्यांत उतरतो आणि उशीर झाला तर सांधा कायमचा वाकडा करतो. रंधा धरणाऱ्या माणसाला याहून मोठे संकट कोणते?

नाभिक बांधवांना आमची हात जोडून विनंती आहे. असे गिऱ्हाईक आले तर त्याला उठवू नका. पाते नवे घ्या, ते तर सर्वांसाठीच घेता. चट्ट्यावर वस्तरा फिरवू नका, कात्री किंवा मशीन चालवा, रक्त काढू नका. पुष्कळदा हा रोग सर्वांत आधी तुमच्याच नजरेस पडतो. दवाखान्याची वाट तुम्हीच दाखवू शकता. तुमच्यातल्याच एकाने काय केले ते सांगतो. शेजारच्या गावची बारा वर्षांची पोर. डोक्यावर खपल्या, फणी लागली की रक्त. आईच्याने पाहवेना, तिने फणीच सोडली. तेल, खपली आणि केस यांचा गुंता होत होत मानेवर जट लोंबू लागली. लगेच म्हातारी म्हणाली, यल्लम्मा आली. देवीची जट म्हटली की कात्री लावणे पाप. पोरीची शाळा बंद झाली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदा झाला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव जटा सोडवीत फिरतात, तरी जटेचे भय अजून गेलेले नाही. प्रत्येक जटेखाली सोरायसिस असतो असे आमचे म्हणणे नाही. पण या जटेखाली होता. आमच्या या बांधवाने पाच संध्याकाळी तिच्या ओसरीवर जाऊन नुसते तेल जिरविले आणि म्हातारीशी गप्पा मारल्या. सहाव्या दिवशी म्हातारीनेच कात्री आणून दिली. खालची खपली पाहून तो पोरीला व आईला घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. आता तिच्या वेण्या येतात.

लग्नाच्या पोरींचे दुखणे आईबाप लपवितात, हे आम्ही जाणतो. लपविलेले चट्टे वर्षभरात उघडे पडतात आणि मग पोरीला माहेरी धाडतात. आधी सांगावे, कागद दाखवावा, आणि हे लागत नाही हे डॉक्टरांच्याच तोंडून सासरच्यांना ऐकवावे. त्यावर जे स्थळ पळेल ते पळू द्यावे.

मघाशी एका माउलीने चिठ्ठी पाठविली आहे. सून बाळंतीण आहे, मूल अंगावर पिते, डोक्याला औषध लावावे काय? माउली, डोक्याला लावावयाचे औषध थोड्या जागेवर, थोडे दिवस बहुधा चालते. पण मूल पिते हे डॉक्टरांना आधी सांगा. मेथोट्रेक्सेट मात्र गरोदरपणी आणि मूल पीत असता मुळीच नको. आणि मूल तिच्यापासून दूर ठेवले असेल तर आज घरी गेल्याबरोबर तिच्या मांडीवर द्या.

आमची लेक आता पंधरा वर्षांची आहे. आज आमच्या तेलाचा वार. वाटी घेऊन ती वाट पाहात असेल, तेव्हा आपली रजा घेतो.