शर्यतीची गाडी आणि शिडाची होडी

मोटारींच्या शर्यती आणि शिडाच्या होड्यांच्या शर्यती हे दोन्ही छंद श्रीमंतांचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही. शर्यतीच्या उत्तम मोटारीस लागणारा पैसा मध्यम स्थितीच्या कुटुंबास जन्मभर साठवूनही जमत नाही. मुंबईच्या बंदरात डोलणारी शुभ्र शिडे पाहून डोळे निवतात. पण असली एखादी होडी आपल्याही घरी असावी, हा विचार पाहणाराच्या मनात उभा राहण्यापूर्वीच मावळतो. तथापि या छंदांचा इतिहास थोडा खोलात जाऊन पाहिला म्हणजे असे दिसते की, पैशाने त्यांची जेवढी वाढ झाली, तीहून अधिक वाढ वाटून घेण्याने झाली. ज्याला काही साधले त्याने ते दुसऱ्यास, विशेषतः मुलांस, मोकळ्या मनाने दाखविले, आणि तेथूनच हे छंद घरोघर गेले. सोलापूरच्या भवानी पेठेसारख्या, समुद्रापासून दूर पठारावर वसलेल्या वस्तीस या गोष्टीशी काय कर्तव्य, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्याचाच येथे प्रयत्न आहे.

भवानी पेठ ही मागांची वस्ती. ज्या चादरीने आणि टॉवेलाने सोलापूरचे नाव सर्वत्र नेले, त्यांचे सूत अशाच पेठांतून विणले गेले. येथल्या मुलास शर्यतीची गाडी विकत मिळत नाही; ती त्याला करावी लागते. महाराष्ट्रातील गावोगावच्या मुलांना बेअरिंगची गाडी ठाऊक आहे. एक फळी, तिच्याखाली मागे दोन व पुढे एक अशी, मोटार दुरुस्तीच्या दुकानातून मागून आणलेली तीन जुनी बेअरिंगे, आणि पुढची आडवी दांडी वळविण्यास बांधलेली दोरी, एवढाच तिचा संभार. एकाने बसावे, दुसऱ्याने ढकलावे, आणि उतार लागला की देवाचे नाव घ्यावे! परंतु हा खेळ दिसतो तितका अडाणी नव्हे. बेअरिंगात माती शिरली की गाडी अडखळते. मागचा आस तिरपा बसला की ती एका अंगास ओढते. वळणावर अंग आतल्या बाजूस झुकविले नाही तर ती उलटते, आणि थांबविण्याची सोय आधी केली नसेल तर गुडघे फुटतात. घर्षण, वजनाचा तोल, आसांची सरळ मांडणी आणि ब्रेक हे शर्यतीच्या मोटारीचेही मुख्य प्रश्न आहेत. लाखो रुपयांच्या यंत्रशाळेत इंजिनियर ज्यांची उत्तरे शोधतात, तेच प्रश्न या मुलास फळी आणि खिळे घेऊन बसल्यावर पडतात.

अमेरिकेतील ओहायो प्रांतात डेटन नावाचे शहर आहे. तेथे १९३३ साली एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार मायरन स्कॉट याने काही मुले अशाच घरगुती गाड्या उतारावरून पळविताना पाहिली. त्याने त्यांची छायाचित्रे घेतली. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने मुलांस पुन्हा बोलावले, शर्यत भरविली आणि बक्षीस ठेवले. पुढल्याच वर्षी, म्हणजे १९३४ साली, तेथे निरनिराळ्या शहरांतील मुलांची मोठी स्पर्धा झाली, आणि १९३५ पासून ती ॲक्रन येथे भरू लागली. गाडीस इंजिन नाही. उतार हेच तिचे इंजिन. मुख्य नियम असा की, गाडी मुलानेच बांधली पाहिजे. हा नियम किती महत्त्वाचा होता हे १९७३ साली दिसून आले. त्या वर्षी पहिल्या आलेल्या गाडीच्या नाकात एक विद्युच्चुंबक दडविलेला सापडला. सुटण्याच्या वेळी पुढची लोखंडी फळी खाली पडे, ती या चुंबकास धरून गाडीला पुढे खेची. मागे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात होता. बक्षीस काढून घेण्यात आले. जी युक्ती इतरांपासून लपवावी लागते ती छंदाची युक्ती नव्हे, हा धडा त्या मुलास फार कठोरपणे शिकावा लागला.

आता गाडीवरून होडीकडे वळताना कोणास ही उडी वाटेल. पण ती उडी प्रत्यक्षातच घडलेली आहे. फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे अशाच खोक्यांच्या गाड्यांच्या शर्यती होत असत. तेथील मेजर क्लिफर्ड मॅकके यांनी सुचविले की, रस्त्यावर मुलांसाठी जे केले, ते पाण्यावर का करू नये? त्यांनी स्थानिक होडी-कारागीर क्लार्क मिल्स यास सांगितले की, मुलास आपल्या घरी बांधता येईल आणि ५० डॉलरांच्या आत पुरी होईल अशी शिडाची होडी हवी. मिल्सने १९४७ साली ती करून दाखविली. बाजारात मिळणारे प्लायवुडचे तक्ते आठ फुटांचे. म्हणून होडीही आठ फुटांच्या आत बसविली. टोकदार नाळ काढण्यास लाकूड पुरेना, म्हणून पुढचे तोंड बोथटच ठेवले. आज 'ऑप्टिमिस्ट' या नावाने ओळखली जाणारी ती चौकोनी तोंडाची होडी अशी काटकसरीतून जन्मास आली. तिचे सांगाडे-माप मिल्सने मुलांच्या उपयोगासाठी देऊन टाकले. पुढे एका डॅनिश गृहस्थाने ती युरोपात नेली, आणि आता शंभराहून अधिक देशांतील मुले तिच्यात बसून पाण्याची पहिली ओळख करून घेतात. तिचे वजन केवळ ३५ किलो असते. मिल्सने ते माप कुलपात ठेवले असते, तर फार तर क्लिअरवॉटरच्या किनाऱ्यावर काही होड्या दिसल्या असत्या.

शीड वाऱ्याने पुढे ढकलले जाते हे सर्वांस कळते. वारा समोरून येत असतानाही होडी पुढे कशी जाते, हे मात्र पुष्कळांस कोडे वाटते. शीड म्हणजे उभा केलेला पंख. त्याच्या फुगीर अंगावरून वारा वळतो आणि त्यास बाजूकडे व थोडेसे पुढे ओढतो. होडीच्या तळातून पाण्यात उतरविलेली फळी बाजूस सरकू देत नाही. मग उरते ती पुढची गती. वाऱ्याच्या अगदी तोंडावर जाता येत नाही. सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे, असा नागमोडी मार्ग काढावा लागतो. गंमत अशी की, फॉर्म्युला वन शर्यतीच्या मोटारीवरही १९६८ पासून पंख बसू लागले. ते उलटे बसविलेले असतात. विमानाचा पंख वर उचलतो, तर मोटारीचा पंख तिला जमिनीवर दाबून धरतो, आणि वळणावर चाके घसरू देत नाही. होडीवाला आणि मोटारवाला हे दोघेही अखेर वाऱ्याचेच विद्यार्थी ठरतात.

ते विणकराचेही विद्यार्थी आहेत, आणि येथे भवानी पेठेचा संबंध येतो. कापड उभ्या सुताच्या दिशेने ओढले तर थोडेच ताणते, आडव्या सुताच्या दिशेनेही तसेच; पण तिरपे ओढले की लगेच लांबते. हे ताण्या-बाण्यावर हात फिरविलेल्या कोणत्याही विणकरास सांगावे लागत नाही. शीड शिवणाराची सारी विद्या याच गोष्टीभोवती फिरते. वाऱ्याचा मोठा ताण सुताच्या रेषेत पडेल अशा रीतीने तो पट्टे बेततो. नाही तर शीड पोते होऊन बसते. १८५१ साली 'अमेरिका' नावाच्या नौकेने इंग्लंडात जाऊन वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकली. त्या यशाचे एक कारण तिच्या शिडांत होते. इंग्रजांची शिडे जवसाच्या तागाची व फुगणारी, तर तिची यंत्रावर घट्ट विणलेल्या सुती कापडाची आणि सपाट राहणारी होती.

टायराचीही तीच कथा. मिशेलिन बंधूंनी १८९५ साली पॅरिस ते बोर्दो आणि परत, या शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार उतरविली. टायर वाटेत पुनःपुन्हा फुटले, आणि गाडी आघाडीच्या गाड्यांच्या फार मागून पोहोचली. परंतु हवेच्या टायरावर मोटार एवढा पल्ला काटू शकते हे सिद्ध झाले. त्या काळच्या टायरांत रबराखाली साधे चौकटी विणीचे किंतान असे. चाक फिरताना उभे-आडवे धागे एकमेकांवर घासत, तापत आणि तुटत. पुढे आडवे सूत जवळजवळ काढून टाकून उभे धागे रबरात शेजारी शेजारी बसविण्यात आले, आणि टायरचे आयुष्य कितीतरी पटींनी वाढले. पुढे १९८१ साली मॅक्लॅरेन या इंग्रज कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतीसाठी कार्बन तंतूंच्या अंगाची मोटार उतरविली. तेही मुळात वस्त्रच: बारीक काळे तंतू, राळेत भिजवून, थरावर थर देऊन कडक केलेले. ज्या पेठेत सुताची जात बोटांनी ओळखतात, त्या पेठेस हे छंद परके नाहीत.

महाराष्ट्रातही असे एक उदाहरण आहे, आणि त्याचा आरंभ समुद्रकाठी नव्हे, तर फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी राहणाऱ्या एका निवृत्त दर्यावर्द्याच्या मनात झाला. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळविलेले व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी असा ध्यास घेतला होता की, एका भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी ते काम पत्करले. नौका बांधली गोव्यात मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. लाकडाचा गाभा आणि त्यावर काचतंतूंच्या कापडाचे थर, अशी ती छप्पन्न फुटांची 'म्हादेई'. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले, आणि वाटेत चार बंदरे घेऊन मे २०१० मध्ये परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. दोंदे यांनी मिळविलेली विद्या स्वतःपाशी ठेवली नाही. त्यांच्या मागून अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून, वाटेत कोठेही न थांबता, २०१३ साली प्रदक्षिणा पुरी केली. दिवाडीच्या त्याच कारखान्यात बांधलेल्या 'तारिणी' नौकेतून वर्तिका जोशी व त्यांच्या पाच सहकारी स्त्री-अधिकारी यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात पृथ्वीस वळसा घातला; त्यांच्या शिक्षणातही दोंदे यांचा हात होता. पुढे 'तारिणी'तूनच दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी २०२५ च्या मे महिन्यात तसाच प्रवास संपविला. आवटी २०१८ साली निवर्तले; पण एका माणसाचा ध्यास तोवर अनेकांची विद्या झालेला होता.

सोलापूर जिल्ह्यास पाणी नवीन नाही. शहरात सिद्धेश्वराचे तळे आहे, जवळच हिप्परग्याचा तलाव आहे, आणि १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाने भीमेचा सागर केला आहे. या पाण्यावरून माणसे नित्य ये-जा करतात. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली, आणि सहा माणसे प्राणास मुकली. त्यांत लहान मुलेही होती. पाण्याची आणि वाऱ्याची विद्या हा रिकामपणाचा विलास आहे असे ज्यास वाटते, त्याने या घटनेचा विचार करावा. जो मुलगा दहाव्या वर्षी छोट्या होडीत बसून शिकला, तो ढगांचा रंग बदलला की किनारा गाठतो, तरंगते जाकीट घातल्यावाचून पाय होडीत ठेवीत नाही, आणि होडी उलटली तर तिला सोडून पोहत सुटण्याऐवजी तिला धरून राहतो. ही सवय व्याख्यानाने लागत नाही, खेळाने लागते. रस्त्याचेही असेच. वेगाची हौस ज्याने बंद मैदानात, डोक्यास शिरस्त्राण घालून, नियमाने भागविली, त्यास ती भर रस्त्यात भागविण्याची गरज उरत नाही.

असे शिक्षण आतल्या प्रदेशात देता येते याचा दाखला दूर नाही. खडकवासल्याच्या जलाशयात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालविण्यास शिकतात. त्याच मुठेचे पाणी पुढे भीमेस मिळून उजनीत येते. पाणी आलेले आहे. त्यामागून विद्या येण्यास अडचण ती काय?

त्यासाठी मोठा क्लब अथवा मोठी इमारत नको. एखाद्या शाळेने प्लायवुडच्या होडीचे किंवा बेअरिंगच्या गाडीचे माप भिंतीवर लावावे. खर्चाची मर्यादा ठरवून द्यावी. पेठेतील सुताराने रंधा कसा धरावा ते दाखवावे, आणि मागावर आयुष्य घालविलेल्या एखाद्या आजोबांनी शिडाचे कापड कोणत्या दिशेने बेतावे ते सांगावे. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकास पोहता आले पाहिजे, जाकीट अंगावर पाहिजे, जाणता माणूस किनाऱ्यावर पाहिजे, आणि जलाशयाच्या अधिकाऱ्यांची परवानगी हाती पाहिजे. शर्यत झाल्यावर पहिल्या आलेल्या मुलाने आपली गाडी किंवा होडी सर्वांपुढे उघडी करून दाखवावी, एवढा एक नियम मात्र कटाक्षाने पाळावा. पुढल्या वर्षी त्याला हरविणारा मुलगा बहुधा त्याच घोळक्यात उभा असेल, आणि तसे झाले तर त्या दोघांचाही छंद सार्थकी लागला असे समजावे.