गोलानंतरचे एक मिनिट

श्रोतेहो, कोल्हापुरात कुस्तीच्या खालोखाल वेड कशाचे म्हणाल, तर फुटबॉलचे. संघांना नावेसुद्धा तालमींचीच: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम. शाहू स्टेडियमवर त्यांची गाठ पडली की गावात दुसरा विषय नसतो.

याच गावचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताच्या संघात होता. स्पर्धा आपल्याच देशात, म्हणून प्रवेश मिळालेला. पात्रता फेरी जिंकून नव्हे. 'आपल्या पोरांचा निभाव लागेल का?' असं जो तो विचारी. दिल्लीत अमेरिकेने तीन गोलांनी हरवलं. मग ९ ऑक्टोबरला कोलंबिया. एक गोल अंगावर असताना ८२व्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू मणिपूरच्या जीक्सन सिंगने डोक्याने जाळ्यात धाडला. विश्वचषकात भारताचा तो पहिलाच गोल! आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियाने दुसरा केला. पुढे घानाने चार गोल चढवले, ते वेगळेच.

मला त्या एका मिनिटाचं कोडं पडतं. अंगबळ कमी पडलं, असं पुष्कळ म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. गोल झाल्यावर चटकन भानावर येऊन आपली जागा धरणं अटीतटीचे सामने खेळूनच अंगी येतं.

गुरुजी, तुमच्या शाळेचा संघ वर्षाकाठी किती सामने खेळतो? तालुक्याला एक हरला की पोरं घरी! शेजारच्या चार शाळांनी पावसाळा सरल्यावर दर शनिवारी आपसांत खेळावं. गोलाला वेळूचे खांब चालतात, चेंडू एक पुरतो.