जुनी मोटार चालू कां होत नाहीं?

कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरांतून पुणें–बंगळूर महामार्ग जातो, आणि येथल्या कृष्णा रुग्णालयामुळें पाटण, कडेगांव अशा दूरदूरच्या भागांतून माणसें औषधोपचारासाठीं येतात. त्यांतील कित्येकांची भिस्त घरच्या जुन्या मोटारीवर असते. ती ऐन वेळीं चालू झाली नाहीं, तर केवळ खोळंबा होत नाहीं. आजारी माणसाचा जीव टांगणीस लागतो. म्हणून ह्या दुखण्याचें निदान कसें होतें, हें मोटार बाळगणाऱ्या प्रत्येक घरानें समजून घेणें अगत्याचें आहे.

एक उदाहरण कल्पावें. पाटणच्या एका घरची पंधरा वर्षें वापरलेली पेट्रोलची मोटार वृद्ध मातोश्रींना घेऊन मलकापुरास येते. औषधांच्या दुकानापाशीं दहा मिनिटें इंजिन बंद केलें, कीं तें पुन्हां सुरू होत नाहीं. सेल मारला तर इंजिन जोमानें फिरतें, पण पेट घेत नाहीं. तासाभरानें मात्र, कांहींच घडलें नव्हतें अशा थाटांत, पहिल्या सेललाच चालू होतें. घरच्यांनीं आधीं बॅटरी बदलली, मग स्टार्टर, मग पेट्रोलचा पंप. पैसे गेले, दुखणें राहिलें. रात्रीअपरात्रीं मातोश्रींचें दुखणें बळावलें, तर ह्या गाडीवर भरंवसा ठेवावा कीं नाहीं, हीच घरांत विवंचना.

चूक कोठें झाली? पहिला प्रश्नच कोणी विचारला नाहीं. इंजिन मुळीं फिरतच नाहीं, कीं फिरतें पण पेट घेत नाहीं? हीं दोन दुखणीं अगदीं निराळीं आहेत. इंजिन फिरत नसेल, किंवा नुसता कटकट आवाज येत असेल, तर बॅटरी, तिचे जोड, अर्थिंगची वायर व स्टार्टर हीं पाहावीं. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. सेल मारतांना आकडा ९.६ च्या बराच खालीं घसरला, तर ती दुबळी असण्याचा संभव असतो. आणि इंजिन चालू असतां साधारण १३.८ ते १४.४ दिसावें. उदाहरणांतील इंजिन जोमानें फिरत होतें. म्हणजे बॅटरी व स्टार्टर ह्यांवरचा खर्च वायांच गेला.

इंजिन फिरून पेट घेत नसेल, तर पेट्रोल आणि ठिणगी ह्यांचा शोध घ्यावा. १९८३ सालीं आलेल्या मारुति ८०० मध्यें कार्बुरेटर होता. चोक ओढून व प्लग पुसून पुष्कळदां काम भागे. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसतसें पेट्रोल किती द्यावें व ठिणगी केव्हां टाकावी, हें गाडींतील संगणक ठरवूं लागला. हा संगणक स्वतः आंधळा. सेन्सर हे त्याचे डोळे. क्रँकचा सेन्सर दांत्यांच्या चाकावरून इंजिनाचा वेग व पिस्टनची जागा सांगतो. पुष्कळ गाड्यांत ह्या सेन्सरच्या पोटांत बारीक तारेचें वेटोळें असतें. जुनेपणीं ती तार तापून प्रसरण पावली, कीं तुटलेला जोड उघडतो. निवली, कीं पुन्हां जुळतो. मग इंजिन फिरत असल्याची वार्ताच संगणकास पोंचत नाहीं, आणि तो ठिणगीही देत नाहीं, पेट्रोलही देत नाहीं. सेल मारतांना वेग दाखविणारा कांटा मुळींच हलत नसेल, तर हा संशय बळावतो.

अलीकडे स्कॅनर जोडून दोषाचा क्रमांक वाचतां येतो. परंतु क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. ‘पी ०३३५’ हा क्रमांक क्रँक सेन्सरच्या विद्युन्मार्गांत दोष आहे, एवढेंच सांगतो. दोष सेन्सरांत असेल, वायरींत असेल, किंवा मळलेल्या जोडांतही असेल. मीटरनें चोवीस तास पाणी देण्याच्या योजनेसाठीं मलकापूर प्रसिद्ध आहे. पाण्याचें बिल एकाएकीं फुगलें, तर शहाणा मनुष्य नवा मीटर मागण्यापूर्वीं सगळे नळ बंद करून कांटा फिरतो कीं काय, तें पाहतो. मोटारीचेंही तसेंच.

तपमानाच्या सेन्सरची वायर तुटली, तर पुष्कळ गाड्यांत स्कॅनरवर उणे ४० अंश उमटतात. मलकापुरांत एवढी थंडी कधीं पडलेली नाहीं. तेव्हां खोटें कोण बोलतें, हें शाळकरी मुलासही कळेल. अशा खोट्या थंडीस भुलून कांहीं गाड्यांचा संगणक जादा पेट्रोल ओततो, प्लग भिजतात, आणि गाडी चालू होत नाहीं.

कल्पिलेल्या मोटारीस गुण यावयाचा, तर ती मुद्दाम तापवून, बंद पडलेल्या अवस्थेंतच तपासली पाहिजे. प्रथम जोड व वायर, मग गरम सेन्सर मीटरनें, आणि निवल्यावर तोच पुन्हां. गरम असतां तुटलेला व गार असतां शाबूत निघाला, तरच तो बदलावा. घरच्यांनींही गाडी केव्हां बंद पडली, किती वेळानें चालू झाली, कांटा हलला कीं नाहीं, हें वहींत टिपून मिस्त्रीस द्यावें, आणि तपासणीची मजुरी आनंदानें द्यावी. तपासणीच्या पैशांस कुरकुरणारें घर मिस्त्रीला सुटे भाग विकावयास शिकवितें. मात्र दोष निश्चित होईपर्यंत रुग्णासाठीं अशा गाडीवर विसंबूं नये; १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.